सिझरचे टाके आणि ऑक्सिजनचा मोह

फोन बहुधा नवव्या दिवशी येतो. कधी आठव्या, कधी अकराव्याही, पण माझ्या डोक्यात नववाच बसलाय. पलीकडे आशाताई असतात. "सर, त्या बाईच्या टाक्यातून पाणी येऊन राहिलं. पिवळं आहे, वासही येते." मी भूलतज्ज्ञ. टाके मी घातलेले नसतात, पोट मी उघडलेलं नसतं. पण यवतमाळ-वर्ध्याकडच्या तालुक्यांत वीस वर्षं केसमागं केस करत गाडी फिरवल्यावर आपला नंबर गावोगावच्या मोबाइलमध्ये जाऊन बसतो. ज्यांनी टाके घातले ते डॉक्टर त्या घटकेला दुसऱ्या टेबलाशी उभे असतात, म्हणून फोन मला येतो. बाळंतिणीला भूल देणाऱ्या डॉक्टरचं नाव आठवत नाही, टाके पकले की मात्र नंबर बरोबर सापडतो.

हे सगळं लिहायचं निमित्त वेगळंच आहे. एका सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीला मी बसलो होतो. मागच्या आवारात शेडखाली कोविडच्या काळातला ऑक्सिजन प्लँट उभा आहे, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सिलिंडरसाठी माणसं रात्रभर रांगेत उभी राहिली, त्यानंतर देशभर असे प्लँट बसले. एकट्या पीएम केअर्स निधीतून बाराशेवर मंजूर झाले. आता या प्लँटच्या पत्र्यावर कबुतरं बसतात. एका सदस्यांनी सुचवलं, "प्लँट पडूनच आहे तर सिझरच्या बायांना ऑपरेशनमध्ये आणि नंतर दोन तास जास्तीचा ऑक्सिजन द्या. जखम पकत नाही त्यानं, मी वाचलं आहे." माना डोलल्या. मी नको म्हणालो. "आता बापा, भूलवाल्या डॉक्टरनंच ऑक्सिजनला नाही म्हणावं!" सगळे हसले, मीही हसलो. पण माझं म्हणणं त्या हशात राहून गेलं, ते इथं सविस्तर मांडतो.

कल्पना खुळचट नव्हती, हे आधी कबूल करतो. जखमेत शिरलेल्या जंतूंना मारायला आपल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनच वापरतात. तो घेऊन त्या अतिशय दाहक रसायनं बनवतात आणि जंतूंवर सोडतात. कापलेल्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात, तिथं ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणजे शिपायांच्या बंदुकीत दारूच नाही. मग रक्तात ऑक्सिजन वाढवला तर जखमेतही वाढेल आणि पू होणार नाही, हा तर्क सरळ आहे. २००० साली तो तपासलाही गेला. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या ५०० रुग्णांत निम्म्यांना ८० टक्के ऑक्सिजन दिला, निम्म्यांना ३० टक्के. जखमेचा संसर्ग ११.२ टक्क्यांवरून ५.२ वर आला. मी तेव्हा शिकत होतो. त्या निबंधाची झेरॉक्स आम्ही हॉस्टेलवर हातोहात फिरवली. आमच्या शाखेकडं एरवी कोण बघतो! आमच्या हातातल्या नळीनं सर्जनच्या जखमा वाचतात, याचं अप्रूप फार होतं.

मग गोष्ट विस्कटली. २००४ साली अमेरिकेत १६५ रुग्णांवरच्या अभ्यासात उलटंच निघालं: जास्त ऑक्सिजनवाल्यांत संसर्ग २५ टक्के, कमीवाल्यांत ११.३. २००५ मध्ये स्पेनमध्ये पुन्हा फायदा दिसला. २००९ साली डेन्मार्कमध्ये १४०० रुग्ण घेतले, तर एकीकडं १९.१ आणि दुसरीकडं २०.१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. पण हे सगळे पोटाच्या इतर शस्त्रक्रियांचे रुग्ण. बहुतेकांना पूर्ण भूल, घशात नळी, आणि अनेकांचं आतडं कापलेलं. आपला प्रश्न सिझरचा आहे.

सिझरच्या बायांवर वेगळे अभ्यास झाले. २००८ साली अमेरिकेतच १४३ बायांवरचा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण फायदा दिसण्याची आशाच उरली नव्हती. जास्तीचा ऑक्सिजन घेतलेल्यांत संसर्ग २५ टक्के होता, न घेतलेल्यांत १४. २०११ मध्ये ५८५ बाया घेतल्या: १२.२ विरुद्ध ८.८. २०१३ च्या ८३१ बायांच्या अभ्यासात दोन्हीकडं आठ टक्क्यांच्या वर थोडंसंच, जवळपास सारखं. पहिल्या दोन्हींतला फरक योगायोगानंही पडू शकतो, म्हणून ऑक्सिजननं बायांचं वाईट केलं असं मी म्हणणार नाही. त्यानं काही भलं केलं नाही, माझ्या मुद्द्याला एवढं पुरतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं ८० टक्के ऑक्सिजनची शिफारस केली आहे, असं त्या सदस्यांनी वाचलं असणार. ते खोटं नाही, अर्धं आहे. २०१६ ची ती शिफारस पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णांसाठी आहे, आणि २०१८ मध्ये तिचा ठामपणाही संघटनेनं स्वतःच कमी केला. आमच्याकडची सिझरची बाई टेबलावर जागी असते. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलेलं असतं, ती स्वतःच्या छातीनं श्वास घेते, बोटाला लावलेली क्लिप ९८-९९ दाखवत असते. "डॉक्टर, पोरगी झाली का पोरगं?" असंही तीच विचारते. या बाईची तक्रार ऑक्सिजनची नाही. तिच्या गर्भाशयात जंतू येतात ते बरेचदा खालून, जननमार्गातून. पाणमोट फुटून बारा-चौदा तास झाले, दहा वेळा हात घालून तपासलं, मग सिझरचा निर्णय झाला, तर जंतू चीर पडण्याच्या आधीच आत शिरलेले असतात. तोंडावर मास्क ठेवून ते थांबत नाहीत.

आता जरा हिशोब करू. प्लँट बंद असला की लहान रुग्णालयात भिस्त सिलिंडरवर असते. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. पिशवीच्या मास्कनं मिनिटाला १० लिटर सोडला, ऑपरेशनचा एक तास आणि नंतरचे दोन धरले, तर १८०० लिटर लागतात. एका बाळंतिणीत एक सिलिंडर रिकामा होऊन दुसऱ्याला हात लागला! त्याच रात्री झटके येणारी बाई आली, किंवा न रडलेलं बाळ आलं, तर काय? ऑक्सिजन फुकट असतो असं वाटतं ते फक्त प्लँटच्या कोनशिलेपुढं उभं राहणाऱ्याला.

दुसरा हिशोब रक्ताचा. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅम असेल तर ते साधारण १६ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. ८ असेल तर पावणेअकराच्या आसपास. म्हणजे पाचावर मिलिलिटरचा खड्डा. उत्तम मास्क लावून रक्तात विरघळलेला ऑक्सिजन वाढवला तर किती भर पडते? एका मिलिलिटरपेक्षा कमी. (जखमेतला ऑक्सिजनचा दाब हा थोडा वेगळा हिशोब आहे हे मला माहीत आहे. मास्कची कल्पना त्यातूनच निघाली, आणि सिझरच्या बाबतीत तीच उपयोगी ठरली नाही.) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांत रक्त कमी आढळलं, गर्भवतींत ४५.७ टक्के. आमच्या भागातली बाई कापूस वेचत वेचत नवव्या महिन्यापर्यंत पोचते. लोहाच्या गोळ्या मिळालेल्या असतात, पण घेतल्या की पोट दुखतं, शौचाला काळी होते, म्हणून पुडी डब्यात जाते. शेवटच्या महिन्यात आठाचं रक्त घेऊन ती टेबलावर येते, आणि आपण मास्कची चर्चा करतो.

गैरसमज नको. ऑक्सिजन जिथं हवा तिथं हवाच. बोटाची क्लिप खाली घसरू लागली, पूर्ण भूल द्यावी लागली, झटके आले, धाप लागली, तर क्षणाचाही विचार नको. गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, घरोघरी आहे, त्या बाईच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडूच द्यायचा नसतो. म्हणून प्लँट चालूच ठेवा, दर आठवड्याला सुरू करून पाहा, त्याचा मेकॅनिक शोधा. माझा विरोध एवढ्याला आहे, की जखमा पकू नयेत म्हणून काय करतो असं कोणी विचारलं तर आपण प्लँटकडं बोट दाखवावं.

मग जखमा वाचतात कशानं? सगळ्यात आधी घड्याळानं.

सिझरला प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतात, बहुतेक ठिकाणी सेफॅझोलिन किंवा त्याच जातीचं दुसरं. त्यानं जखमेचे संसर्ग निम्म्याहून अधिक कमी होतात, यात आता वाद राहिलेला नाही. ते केव्हा द्यायचं, यावर मात्र बरीच वर्षं वाद होता. औषध नाळेतून बाळाकडं जाईल या भीतीनं बाळ बाहेर आल्यावर, नाळ कापल्यावर द्यायची रीत होती. नंतर अभ्यासांतून दिसलं की चीर घेण्याआधी दिलं तर आईचे संसर्ग आणखी कमी होतात आणि बाळाला त्रास होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीत ते स्पष्ट आहे: चीर पडण्याआधी, एक डोस. कारणही जुनंच आहे. १९६१ साली अमेरिकन सर्जन जॉन बर्क यांनी गिनीपिगांवर दाखवलं होतं की जंतू शिरायच्या आधी औषध पेशींत हजर असेल तर जखम वाचते. तीन तासांनी दिलं तर दिलं काय नि न दिलं काय, सारखंच. शेतात फवारणी कधी करायची हे आमच्या कास्तकाराला कळतं. बोंडात अळी शिरल्यावर पंप पाठीला लावून उपयोग नसतो.

आता आमच्या रुग्णालयांत काय होतं ते सांगतो. सकाळी आठच्या राउंडला वॉर्डात "प्री-ऑप" म्हणून इंजेक्शन दिलं जातं. केस दहाची. माझी गाडी दुसऱ्या तालुक्यात अडकते, किंवा रक्ताची पिशवी यायची असते, किंवा लाइट जाते आणि जनरेटरमध्ये डिझेल नसतं. चीर पडते साडेबाराला. औषध तोवर बरंचसं ओसरलेलं असतं. उलटंही होतं: घाईची केस, बाळाचे ठोके कमी, सगळे धावतात, आणि इंजेक्शन आठवतं ते पोट शिवताना. केसपेपरवर मात्र दोन्हीकडं "दिले" असंच लिहिलेलं असतं. वेळेचा रकाना असला तरी तो शेवटी, एका बैठकीत, एकाच पेनानं भरला जातो. मी स्वतः त्यावर सही केली आहे, एकदा नाही, अनेकदा. दोष सिस्टरचा म्हणून सांगत नाही. रात्रपाळीत तीस खाटांना एक सिस्टर असेल तर ती आधी औषध देईल, वेळ नंतर लिहील. माझाच दोष मोठा, कारण चीर पडायच्या आधी बाईच्या उशाशी मीच उभा असतो, सलाइनची सुई माझ्याच हाताशी असते. टेबलावर घेतल्यावर इंजेक्शन मी द्यायचं, वेळ मोठ्यानं म्हणायची, सिस्टरनं लिहायची. एवढं ठरवायला मला बरीच वर्षं लागली.

गंमत म्हणजे योग्य वेळी एक डोस चुकवणारे आपण नंतर पाच दिवस सुया टोचतो, आणि घरी जाताना वर पाच दिवसांच्या गोळ्या देतो. शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंध म्हणून प्रतिजैविकं चालू ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते आहे. पण नातेवाइकांना भरपूर औषध म्हणजे चांगला इलाज वाटतो, डॉक्टरला ती ढाल वाटते. त्या ढालीमागं जंतू शहाणे होतात. पुढं जखम खरंच पकते तेव्हा साध्या औषधाला दाद देत नाही.

दुसरी गोष्ट ब्लेडची. ही सांगायला मला अजून अवघड जातं. एका ठिकाणी मी लवकर पोचलो होतो. वॉर्डाच्या कोपऱ्यात पडदा लावलेला, आत ट्यूबलाइटची चरचर. मावशी कोरड्या अंगावरच दाढीच्या ब्लेडनं केस काढत होत्या. बाईला कळा येत होत्या, ती हलायची, मावशी म्हणायच्या, "थांब नं माय, झालंच." ओटीपोटावर लाल रेघा उमटलेल्या, दोन-तीन ठिकाणी रक्ताचे थेंब. दीड तासानं त्याच जागी चीर पडली. त्या प्रत्येक ओरखड्यात जंतूंना राहायला जागा झाली होती. केस काढायची गरजच नसेल तर काढू नयेत, काढायचेच तर मशीननं कापावेत, ब्लेड कधीच नको, हा नियम आता जगभर मान्य आहे. तसं मशीन फार महागही नसतं. मी मावशींना बोललो नाही. त्यांना हे कोणी शिकवलंच नव्हतं, आणि सगळे डॉक्टर रोज ते बघत होते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगून टाकतो. सिझरच्या आधी पोव्हिडोन आयोडीननं जननमार्ग आतून पुसून घेणं, विशेषतः पाणमोट फुटलेली असताना. पोटाला लावलेलं स्पिरिटयुक्त औषध पूर्ण वाळू देणं; घाईत ओल्यावरच कापायला घेतलं तर औषधाचं काम अर्धवट राहतं, आणि कॉटरीची, म्हणजे रक्त थांबवायला विजेनं डागणाऱ्या यंत्राची, ठिणगी पडली तर जाळही होतो, त्यात तोंडाजवळ ऑक्सिजन भरभरून सोडलेला असेल तर विचारायलाच नको. आणि पोट बंद करण्याआधी हातमोजे व अवजारं बदलणं. २०२२ मध्ये भारतासह सात देशांत, पोटाच्या शस्त्रक्रियेच्या १३,३०१ रुग्णांवर हे तपासलं. संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. फरक लहान दिसतो, पण आमच्यासारख्याच रुग्णालयांत, आमच्यासारख्याच गर्दीत मिळालेला आहे, म्हणून मला तो मोठा वाटतो.

यावर "माणसं कुठं आहेत?" असं उत्तर येतं, आणि ते खरं आहे. पदं रिकामी आहेत, भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो म्हणूनच तर मी फिरतो. पण दोन तास मास्क लावलेल्या बाईकडं बघायलाही माणूस लागतोच. मग तोच माणूस इंजेक्शनच्या वेळेसाठी का नको? मला वाटतं, अडचण वेगळी आहे. प्लँटचं उद्घाटन होतं, फोटो येतो. ब्लेड बंद केल्याचं उद्घाटन करायला पालकमंत्री येत नाहीत.

आणि आपण मोजत नाही. जखमेचा संसर्ग शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांपर्यंत धरायचा असतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सिझरच्या बाईला सात दिवस फुकट राहायची, जेवायची सोय आहे. पण बऱ्याच जणी चौथ्या-पाचव्या दिवशीच घरी जायचा हट्ट धरतात, कारण घरी दुसरं लेकरू असतं, आणि वॉर्डात खाटेखाली झोपलेल्या सासूची मजुरी बुडते. बाई माहेरी जाते. अंधारी खोली, दार लोटलेलं, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाचा धूर. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आत शेगडी! पोटाची घडी टाक्यांवर पडलेली, पट्टी घामानं भिजलेली, टाक्यांना पाणी लागू नये म्हणून आठ दिवस अंघोळ नाही. आशाताई लुगडं बाजूला करतात तेव्हा आधी वास येतो, मग दिसतं.

ही जखम कुठल्या रजिस्टरात जाते? गावातला डॉक्टर ड्रेसिंग करतो, शंभर-दोनशे घेतो. फारच उघडली तर जिल्ह्याला, तिथं ती नवी केस. जिथं सिझर झालं त्या रुग्णालयाच्या महिन्याच्या अहवालात "जखमेचा संसर्ग: शून्य". मला त्या शून्याची भीती वाटते. पाच-सात टक्के लिहिणाऱ्या रुग्णालयावर माझा जास्त विश्वास बसेल, कारण तिथं कोणीतरी नवव्या दिवशी विचारपूस केली आहे. पण आकडा लिहिला की वरून नोटीस येते, म्हणून कोणी लिहीत नाही. आकड्यावरून शिक्षा करणं आधी बंद केलं पाहिजे.

विचारपूस करायला नवी योजना लागत नाही. सिझर झालेल्या बाईच्या घरी आशाताई नवजात बाळासाठी सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत पाच भेटी देतात, त्याचे त्यांना अडीचशे रुपये मिळतात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात. त्याच भेटीत आईचे टाके बघून रुग्णालयाला कळवायचं ठरवा, आणि त्याचे वेगळे पैसे द्या. पैसे द्या असं मुद्दाम म्हणतो, कारण आशांच्या डोक्यावर फुकटचा रकाना वाढवायला सगळेच तयार असतात.

त्या बैठकीत शेवटी दोन गोष्टी मंजूर झाल्या: ऑपरेशन थिएटरमध्ये भिंतीवर घड्याळ, आणि केसपेपरवर तीन रकाने. इंजेक्शन किती वाजता, चीर किती वाजता, नवव्या दिवशी टाके कसे. घड्याळ आलं. महिनाभरानं त्याचा सेल संपला, नव्या सेलची मागणी स्टोअरला गेली ती तिथंच राहिली, तेव्हा सिस्टरनं घरच्या रिमोटमधला काढून आणून घातला. पहिले दोन रकाने आता बहुतेक भरलेले असतात, आणि वेगवेगळ्या पेनांनी. तिसरा कोरा असतो. तो कोणी भरायचा हे बैठकीत ठरायचं राहून गेलं, आणि नवव्या दिवशीचा फोन अजून माझ्याच मोबाइलवर येतो.